दूध पिल्लाचे तोडावे, तसे आपलेही : हाताने वाढवलेली पिल्ले नव्या घरी पाठवताना

मांजर आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. घरी मांजरांची पैदास करणाऱ्या माणसाला त्यांपैकी एकच घर फिरवायचे असते, आणि तेवढेच जड जाते. मी पुण्यात गेली अकरा वर्षे पर्शियन मांजरांची पैदास करते. वर्षाला एक, फार तर दोन वेत. बहुतेक वेळा भाटीच, म्हणजे मादी मांजरच, पिल्ले वाढवते आणि मी रोजची वजने लिहिण्यापलीकडे फारसे काही करत नाही. अशी पिल्ले जातात तेव्हा वाईट वाटते, पण ते दोन-चार दिवसांचे असते. ज्या पिल्लांना बाटलीने दूध पाजून वाढवावे लागते, त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि हे मार्गदर्शन मुख्यतः त्यांच्यासाठी, म्हणजे खरे तर त्यांना वाढवणाऱ्या माणसासाठी आहे.

वेगळी का, तेही सांगितले पाहिजे. माझ्या एका भाटीला सिझेरियननंतर स्तनदाह झाला आणि पाचही पिल्ले पहिल्या दिवसापासून माझ्या हातावर आली. सर्वांत लहान पिल्लू ७८ ग्रॅमचे होते. पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी दूध, म्हणजे दिवसाला बारा वेळा आणि पाच पिल्लांचे मिळून साठ वेळा. गाईचे दूध चालत नाही, पिल्लांसाठीची दूधपावडरच लागते. पाजताना पिल्लू पालथेच धरावे लागते, उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाण्याची भीती असते. आणि प्रत्येक वेळी दुधाआधी किंवा नंतर ओल्या कापसाने हलके पुसून शी-शू करवावी लागते, कारण पहिले तीन आठवडे ते त्यांना आपले आपण जमत नाही. त्यांना स्वतःची ऊबही राखता येत नाही, म्हणून पेटीत पहिल्या आठवड्यात तीस अंशांच्या आसपास तापमान ठेवायचे. रोज दहा-पंधरा ग्रॅम वजन वाढले तर तो दिवस चांगला. या सगळ्यात माणूस झोपेविना इतका हळवा होतो की वजनकाट्यावर चार ग्रॅम कमी दिसले तरी डोळ्यांत पाणी येते. अशा तीन आठवड्यांत जडलेला जीव बाराव्या आठवड्यात एका दिवसात सोडवायचा म्हटला तर तो सुटत नाही. म्हणून निरोपाची तयारी पिल्लू जाण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर दूध तोडण्याच्या दिवसापासून सुरू करावी. दूध पिल्लाचे तोडायचे असते, आणि त्याच वेळी आपलेही.

चौथ्या आठवड्यापासून

साधारण चौथ्या आठवड्यात पिल्लाला बशीतून भिजवलेले अन्न द्यायला सुरुवात होते. त्याच आठवड्यापासून बाटली दुसऱ्याच्या हातात द्यायला लागावे. घरातल्या प्रत्येकाने, शक्य असल्यास शेजारच्या एखाद्यानेही, दिवसातून एकदा तरी पाजावे. मला हे सर्वांत अवघड गेले. माझा नवरा बाटली चुकीच्या कोनात धरतो, असे मी चार दिवस सांगत होते. पाचव्या दिवशी वजने पाहिली तर त्याच्या पाळीतही पिल्ले तेवढीच वाढत होती. आपल्यावाचून पिल्लू उपाशी राहील ही समजूत खरी होती तीन आठवड्यांपुरती. ती त्यानंतरही चालू ठेवणे आपल्याला सुखाचे असते, पिल्लाला नव्हे.

मांजराच्या पिल्लाला माणसांची आणि आवाजांची ओळख होण्याचा महत्त्वाचा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा मानला जातो. या काळात त्याला जितकी वेगवेगळी माणसे हाताळतील, तितके ते पुढे अनोळखी घरात लवकर रुळते. जाड आवाजाचे काका, शाळेतून येणारी मुले, कुकरची शिटी, मिक्सर, दाराची बेल, हे सारे त्याच्या कानांवरून आणि पाठीवरून गेले पाहिजे. प्रवासाचे कॅरिअर याच आठवड्यांत खोलीत उघडे टाकून ठेवावे, आत एखादे फडके आणि अधूनमधून चार दाणे खाऊ, म्हणजे जाण्याच्या दिवशी ती पेटी त्याच्या ओळखीची झोपायची जागा झालेली असते.

हाताने वाढवलेल्या पिल्लाची आणखी एक खोड ध्यानात ठेवावी. बाटलीवरची पिल्ले माणसाच्या बोटांना सड समजतात आणि पुढे खेळणे समजतात. भावंडांबरोबर वाढणाऱ्या पिल्लाला जोरात चावले की समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो, हे आपोआप कळते. एकट्याला ते कळत नाही. म्हणून वेतात एकच पिल्लू असेल तर दुसऱ्या ब्रीडरच्या त्याच वयाच्या, निरोगी आणि तपासलेल्या पिल्लाची सोबत मिळते का पाहावे, आणि काहीही झाले तरी बोटांनी खेळवू नये.

माझी चूक सांगते. ते ७८ ग्रॅमचे पिल्लू दहा आठवड्यांचे होईपर्यंत रात्री माझ्या मानेपाशी झोपत असे, आणि झोपताना माझी कानाची पाळी चोखत असे. मला ते फार गोड वाटे. नव्या घरी गेल्यावर त्याने नऊ रात्री आक्रोश केला आणि त्या घरातल्या बाईंच्या ब्लँकेटची कड चोखून चोखून भिजवली. त्या बाई समंजस होत्या म्हणून निभावले. तेव्हापासून पाचवा आठवडा लागला की पिल्ले रात्री भावंडांबरोबर पेटीत झोपतात आणि मी माझ्या खोलीचे दार लावून घेते. पहिले दोन दिवस दाराच्या दोन्ही बाजूंनी रडारड होते, हे मान्य आहे.

नावांबद्दल बरेच जण सांगतात की नाव ठेवू नये, म्हणजे जीव जडत नाही. हा सल्ला ज्याने कधी पिल्लू वाढवले नाही त्याने दिलेला असावा. ते ७८ ग्रॅमचे पिल्लू वजनाच्या स्टीलच्या वाटीत बसून उठायलाच तयार नसे, मग त्याचे नाव ‘वाटी’ पडलेच. नाव पडू द्यावे, फक्त ते वहीतच राहू द्यावे. पूर्वी मी नव्या घराला आमचे नाव कौतुकाने सांगत असे आणि मग त्यांना ते बदलताना संकोच होई. आता सांगत नाही.

तारीख

पिल्लू बारा आठवड्यांच्या आत पाठवू नये. ब्रिटनमधील जीसीसीएफ या नोंदणी संस्थेचा नियम तेरा आठवड्यांचा आहे. हेलसिंकी विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये पाच हजारांहून अधिक मांजरांच्या मालकांकडून माहिती घेऊन प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठ आठवड्यांच्या आत आईपासून वेगळ्या केलेल्या मांजरांत आक्रमकपणा अधिक आढळला होता. आपल्याकडे लसीकरणाचा हिशेबही याच वयाशी जुळतो: तिहेरी लसीचा पहिला डोस आठव्या आठवड्याच्या सुमारास, दुसरा बाराव्याच्या, रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर, आणि लसीनंतर काही दिवस पिल्लू आपल्या डोळ्यांसमोर असलेले बरे.

तारखेच्या बाबतीत मन दोन्ही बाजूंनी ओढते. रात्रीची जागरणे आणि पावडरच्या डब्यांचा खर्च यांनी थकलेला माणूस सातव्या आठवड्यातच ‘खातेय की आता’ असे म्हणू लागतो, आणि तोच माणूस तेराव्या आठवड्यात ‘अजून आठ दिवस राहू दे’ म्हणतो. म्हणून पिल्ले आठ आठवड्यांची झाली की मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर प्रत्येकाच्या जाण्याची तारीख पेनाने लिहिते. ती पुढे ढकलायची तर कारण डॉक्टरांनी दिलेले हवे: जुलाब, घटलेले वजन, लसीनंतरचा ताप. आपल्याला करमणार नाही, हे कारण कालनिर्णयवर लिहिता येत नाही.

माया खर्च करण्याची योग्य जागा

निरोपाच्या दिवशी रडण्यात जी शक्ती जाते, ती महिनाभर आधी घर निवडण्यात घालवावी. येणाऱ्यांना घरी बोलवावे, पिल्लाशेजारी जमिनीवर बसू द्यावे, आणि त्यांच्या घराच्या खिडक्यांचे फोटो मागवावेत. कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर विसंबू नये. मांजर ती दातांनी कातरू शकते. आठव्या मजल्यावरच्या घराला तारेची जाळी बसेपर्यंत माझे पिल्लू जात नाही.

मात्र येथेच मन फसवते. हाताने वाढवलेल्या वेताच्या वेळी मला एकही घर पसंत पडेना. एकांच्या घरी फार माणसे होती, दुसऱ्यांच्या घरी फार कमी. एका कुटुंबाला मी नकार दिला आणि त्याचे कारण मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर मी एक युक्ती केली, ती सर्वांना सुचवते. पहिला फोन येण्याआधी, मन शांत असताना, कोणत्या कारणांसाठी नकार द्यायचा ते कागदावर लिहून ठेवावे आणि फक्त त्याच कारणांसाठी द्यावा. माझ्या कागदावर एवढेच आहे: पिल्लू कोणाला तरी न सांगता भेट द्यायचे आहे, बारा आठवड्यांच्या आत हवे आहे, खासगी बसच्या डिकीतून पाठवा असे सांगितले आहे, मांजर मोकळे फिरणार आहे, नसबंदीला तयारी नाही, किंवा जमले नाही तर मलाच परत द्यायचे, ही अट मान्य नाही. बाकी माणसे कशी हसतात, मराठी कसे बोलतात, सोफा पांढरा आहे का, हे आपण पाहू नये.

पैशांचाही एक सल असतो. जिवाचे पैसे घेतले, असे वाटून पुष्कळ ब्रीडर ‘पिल्लू दिले’ म्हणतात. मी ‘विकले’ म्हणते, कारण विकणाऱ्यावर जबाबदारी राहते. देणाऱ्याचे हात झटकले जातात. फक्त सगळा व्यवहार आदल्या दिवशी बँकेतून पूर्ण करून घ्यावा. कॅरिअरचे दार लावत असताना कोणी नोटा मोजू नयेत.

‘एवढे एक ठेवू या’

प्रत्येक हातावरच्या वेतात एक पिल्लू असे असते, आणि ते बहुधा सर्वांत अशक्त असते, कारण सर्वांत जास्त रात्री त्यानेच घेतलेल्या असतात. ते ठेवावे का? पैदाशीसाठी ठेवायचे तर माया हा निकष नव्हे. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, त्याचा सदोष जनुक आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, आणि तोंडातील लाळेच्या नमुन्यावरून त्याची तपासणी करता येते. नाकपुड्या पुरेशा उघड्या आहेत का, हे तर नुसत्या डोळ्यांनी दिसते. या कसोट्यांना न उतरणाऱ्या पिल्लाने कितीही जागवले असले तरी त्याच्यापासून पुढचे वेत घेऊ नये.

नुसते पाळण्यासाठी ठेवायचे तर घरातली संख्या मोजावी. मांजरे वाढली की मूत्राच्या खुणा, भांडणे आणि आजार वाढतात. विशेषतः मांजरांतील कोरोना विषाणू जास्त मांजरांच्या घरात सहज फिरत राहतो, आणि काही थोड्या मांजरांत त्यातूनच एफआयपी हा घातक आजार होतो. माझी मर्यादा सहा आहे. सातवे आले तर त्या आधीच्या सहांच्या वाट्याचे काहीतरी घेऊनच येणार, हे मी स्वतःला मोठ्याने सांगते.

जाण्याचा दिवस

निरोप आदल्या रात्री घ्यावा. पेटीशेजारी बसावे, हवे तेवढे रडावे, कोणी पाहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कामे असतात. प्रवासाच्या तीन-चार तास आधी हलके खायला घालावे, म्हणजे गाडीत उलटी होणार नाही. शेवटचे वजन करून वहीत लिहावे. वाटीचे शेवटचे वजन १,२४० ग्रॅम होते आणि तो वाटीत कधीच मावेनासा झाला होता. मी त्याला भाजीच्या टोपलीत बसवून वजन केले.

बरोबर काय द्यावे? लसीकरणाचे पुस्तक, पंधरा दिवस पुरेल इतके सध्याचेच खाणे, त्याच्या ओळखीचे थोडे लिटर, म्हणजे शी-शूसाठीची वाळू, आणि गोधडीचा तुकडा. पेटीत अंथरलेली गोधडी मी आधीच तुकडे करून, कडा शिवून ठेवते. शेवटचे दहा दिवस ते तुकडे न धुता पेटीतच असतात. त्यांना आईचा आणि भावंडांचा वास हवा, आपला नव्हे. आपली ओढणी देण्याचा मोह मला झाला होता. सूचनांचा कागद एका पानाचा असावा. त्यात तीन गोष्टी ठळक लिहाव्यात, कारण त्यांनी मांजरे दगावतात: पॅरासिटामॉल कधीही देऊ नये, घरात लिलीची फुले आणू नयेत, आणि फिनेलने पुसलेल्या फरशीवर मांजर चालू देऊ नये. पिल्लाला काय आवडते, कुठे खाजवले की ते घुरघुरते, याची चार पाने मी एकदा लिहिली होती. ती नव्या माणसांनी शोधायची असतात, म्हणून आता लिहीत नाही.

पिल्लाला कॅरिअरमध्ये आपण ठेवू नये. नव्या माणसाच्या हातात द्यावे आणि त्यांनाच ठेवू द्यावे. एकदा आत गेले की ‘शेवटचे एकदा’ म्हणून बाहेर काढू नये, हे मी लिहिते आहे ते दोनदा काढून झाल्यावर. डोळे भरून आले तर लपवण्याचे कारण नाही, पण आलेल्या कुटुंबाला आपले सांत्वन करत बसावे लागू नये. त्यांचा तो आनंदाचा दिवस असतो. शेजारच्या काकू दरवेळी ‘लेक सासरी पाठवल्यासारखे वाटते नाही?’ असे विचारतात. तसे वाटत नाही. लेक रात्री फोन करते. आमच्या सासूबाई पिल्लू निघताना त्याच्या नाकाला दह्याचे बोट लावत. पोट हलके ठेवायचे असले तरी मी तेवढ्याला हरकत घेत नसे.

मागे राहिलेल्यांचे

सगळी पिल्ले एकाच दिवशी पाठवू नयेत. दोन-तीन दिवसांच्या अंतराने गेली तर मागे राहिलेल्या पिल्लांना आणि भाटीलाही ते सोपे जाते. भाटीने पाजले नसले तरी पिल्ले तिचीच असतात. माझी भाटी शेवटचे पिल्लू गेल्यावर दोन दिवस त्या विशिष्ट, पिल्लांना हाक मारण्याच्या आवाजात घरभर फिरत होती आणि पलंगाखाली डोकावत होती. पेटी आणि उरलेली गोधडी तिने हुंगणे सोडेपर्यंत धुऊ नये.

माणसाचे शरीर मात्र हट्टी असते. दूध तुटून दोन महिने झाले तरी मला रात्री दोनला जाग येत असे. घर शांत असले की आधी ती शांतता ऐकू येते. या दिवसांत लगेच पुढच्या वेताची जुळवाजुळव करू नये. भाटीला विश्रांती हवी असते, आणि रिकाम्या पेटीचा सल भरून काढण्यासाठी मांजर पुन्हा गाभण करणे हे मला पटत नाही. घरात लहान मुले असतील तर त्यांना तारीख आधीच दाखवावी. पिल्लू ‘गावाला गेले’ असे सांगू नये. आपल्याकडे मुलांना त्या शब्दांचा दुसरा अर्थ लवकर कळतो.

नव्या घराशी संपर्काचे आधीच ठरवून घ्यावे. मी सांगते: पहिल्या रात्री एक संदेश, तिसऱ्या दिवशी एक, आठवड्याने एक, आणि पुढे लसीच्या वेळी. त्यापलीकडे मी विचारत नाही. त्यांनी विचारले तर रात्री बारालाही उत्तर देते. पिल्लाला पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवावे, ते दोन दिवस सोफ्याखाली बसले तरी ओढून काढू नये, मात्र चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांकडे न्यावे, एवढे त्यांना निघतानाच सांगितलेले असते. मग फोटो येतो. पिल्लू कोणा परक्या माणसाच्या पोटावर पसरून झोपलेले असते. आनंदाबरोबर जे काही आत टोचते त्याला मत्सर म्हणतात, आणि तो प्रत्येक ब्रीडरला होतो. उत्तरात ‘छान!’ एवढेच लिहावे.

परत आलेले

‘केव्हाही परत’ ही अट लिहिली की कधीतरी ती पाळावी लागते. वाटी दहा महिन्यांचा असताना परत आला. त्या घरात बाळ येणार होते आणि वडीलधाऱ्यांनी मांजराला नको म्हटले होते. गरोदरपणात ज्याची भीती घातली जाते त्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा धोका मुख्यतः कच्च्या मांसातून आणि मातीतून असतो. मांजराच्या विष्ठेतले त्याचे बीज संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या कोणी रोजच्या रोज लिटर साफ केले की पुरते, हे सारे मी सांगून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले आणि तरी मांजर परत केले. अशा वेळी भांडू नये, कॅरिअर हातात घ्यावे.

दार उघडल्यावर वाटी मला पाहून फिसकारला. बारा वेळा दूध, मानेपाशी झोपणे, यातले त्याला काहीही आठवत नव्हते. त्याच्या दृष्टीने मी एक अनोळखी बाई होते आणि हे एक अनोळखी घर. परत आलेल्या मांजराला आपल्या मांजरांत लगेच सोडू नये. वेगळी खोली, डॉक्टरांची तपासणी आणि किमान दोन आठवडे अंतर. मी त्याच्या खोलीत रोज अर्धा तास पाठमोरी बसत असे, हात पुढे न करता. सहाव्या दिवशी त्याने येऊन पाठीला डोके घासले. दुसरे घर मिळायला पाच आठवडे लागले. तारीख या वेळीही कालनिर्णयवर आधीच लिहिली होती, आणि निघताना दह्याचे बोट मीच लावले.